भेडाघाट झाला, आता गढ्याला चला

जबलपूरला पाहुणे आले की आमच्याकडे कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी पोहे आणि खव्याची जिलेबी, मग भेडाघाट, धुआंधार धबधबा, संगमरवरी खडकांमधून होडी, संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेची आरती. दुसऱ्या दिवशी पाहुणे विचारतात, "आता काय?" आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

या वेळी भंडाऱ्याची आत्या आली होती. भेडाघाट तिने तीनदा पाहिलेला. चौथ्यांदा होडीत बसायची तिची अजिबात तयारी नव्हती. म्हणून तिला घेऊन मी गढ्याला गेले.

मोबाईलच्या नकाशावर गढा हा जबलपूर शहराचाच एक भाग दिसतो. मोठ्या रस्त्यावरून गेलात तर मेडिकल कॉलेज, औषधांची दुकानं, दवाखान्यांच्या पाट्या आणि ई-रिक्षांची गर्दी. यात जुनं गाव कुठे आहे, असं वाटेल. पण खरं नातं उलटं आहे. एके काळी गढा हेच मोठं नाव होतं आणि जबलपूर ही त्याच्या शेजारची वस्ती. गोंड राजांच्या राज्यालाच 'गढा' म्हणत, पुढे 'गढा-मंडला'. मुघल दरबारातल्या अबुल फजलनेही 'अकबरनामा'त या राज्याची माहिती 'गढा कटंगा' या नावाने दिली आहे.

या राज्याचा सगळ्यात नावाजलेला राजा संग्रामशाह. मूळ नाव अमानदास. सोळाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात त्याने राज्य इतकं वाढवलं की त्याच्या ताब्यात 52 गढ होते असं सांगतात. त्याचा मुलगा दलपतशाह, आणि दलपतशाहची राणी म्हणजे दुर्गावती. कालिंजरच्या चंदेल घराण्यातली मुलगी, 1542 मध्ये लग्न होऊन इकडे आली, काही वर्षांतच विधवा झाली आणि लहान मुलाच्या नावाने तिने 1564 पर्यंत राज्य चालवलं. 24 जून 1564 ला अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना नर्रई नाल्याजवळ ती जखमी झाली. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तिने स्वतःच्या हाताने जीव दिला. आमच्या विद्यापीठाला 1983 पासून तिचं नाव आहे. माझ्या बी.ए.च्या डिग्रीवरही आहे.

आम्ही सुरुवात मदन महालापासून केली. बाहेरगावच्या लोकांना मदन महाल म्हणजे रेल्वे स्टेशन वाटतं, कारण गाडी मुख्य जबलपूरच्या आधी किंवा नंतर तिथे थांबते. खरा मदन महाल टेकडीवर आहे. वाटेत त्या प्रसिद्ध तोलशिळेपाशी, म्हणजे बॅलन्सिंग रॉकपाशी थांबलो. एका मोठ्या खडकावर दुसरा अवाढव्य खडक जेमतेम टेकून उभा आहे. 22 मे 1997 च्या मध्यरात्रीनंतर जबलपूरला भूकंप झाला, घरं पडली, माणसं गेली. हा खडक मात्र जागचा हलला नाही. आमच्या घरी त्या रात्रीची गोष्ट अजून निघते, आणि प्रत्येक वेळी शेवटी या खडकाचा उल्लेख होतोच. आत्याने त्याला एक हात लावून पाहिला. इथे येणारा प्रत्येक जण लावतो.

तिथून वर पायऱ्या. चढ फार नाही, पण उन्हात दम लागतो. सगळीकडे ग्रॅनाइटचे काळपट, गोलसर धोंडे, हत्ती बसल्यासारखे. आणि त्यातल्याच एका प्रचंड धोंड्यावर महाल बांधलेला. आत्या वर पोचली, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढासाच?"

एवढासाच आहे. महाल म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं इथे काही नाही. खडकावर बसवलेली छोटीशी दुमजली इमारत, समोर काही खोल्या, ज्यांना घोड्यांच्या पागा म्हणतात, आणि एक लहानसा हौद. मदनसिंह नावाच्या गोंड राजाने हा बांधला असं मानतात. इथे कुणी ऐषआरामात राहत असेल असं वाटत नाही, पहाऱ्याची चौकी म्हणून मात्र जागा पक्की आहे. या टेकडीत सोन्याच्या दोन विटा पुरल्या आहेत अशी दंतकथा जबलपूरच्या पोराटोरांना पाठ असते. आत्याने लगेच विचारलं, "मग कुणाले भेटल्या का नाही?"

वरून खाली पाहिलं की गढ्याची रचना लक्षात येते. उघड्या खडकांची टेकडी, तिच्या पायथ्याशी पाणी, पाण्याच्या काठाला देवळं आणि पलीकडे वस्ती. पावसाळ्यात ग्रॅनाइटवर पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. पायथ्याशी सखल जागा पाहून बांध घातला की ते अडतं. संग्रामसागर, देवताल, सूपाताल, गंगासागर, बालसागर ही सगळी या टेकड्यांच्या आसपासची तळी. या भागातून नर्मदा वाहते, तरी गोंड राजांनी गावासाठी तळी खोदली, कारण नदी खाली खोलात आणि तीन-चार कोसांवर. रोजचं पाणी, गुरांचं पाणी, विहिरींना पाझर हे सगळं दारातल्या तळ्यावरच चालायचं.

वर बसल्या बसल्या मी आत्याला गढ्याचा पुढचा इतिहास सांगत होते. आमच्या मराठी घरांमध्ये दुर्गावतीपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्यापुढची सहसा निघत नाही. 1742 मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजेने मंडल्यावर हल्ला केला आणि तिथला गोंड राजा महाराजशाह मारला गेला. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं राज्यच संपवलं. शेवटचा राजा नरहरिशाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत वारला. त्यानंतर मराठ्यांचा कारभार जबलपुरातून चालू लागला आणि गढा हळूहळू मागे पडलं. 1798 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817 मध्ये इंग्रजांकडे.

आत्या ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आपल्याच लोकांनी?"

"हो."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि आमचं नागपूर वसवलं कोणी, तर गोंड राजानं. बख्त बुलंदशाहनं. शाळेत शिकवलं होतं बाई आम्हाले."

तिचं बरोबर आहे. देवगडच्या बख्त बुलंदशाहने 1702 च्या सुमाराला नागपूर वसवलं. पुढे त्याच नागपूरचे भोसले गढ्याचे मालक झाले. जबलपूरच्या कितीतरी मराठी घरांचे पूर्वज त्या काळात किंवा त्यानंतर इंग्रजांच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. आपण मुलांना रायगड-प्रतापगड दाखवताना सगळी गोष्ट रंगवून सांगतो. मग इथे आल्यावर अर्धीच का सांगायची? मराठे या गोष्टीत जिंकणाऱ्यांच्या बाजूला आहेत आणि हरणाऱ्यांची वंशावळ आजही आपल्या शेजारी राहते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे नीट सांगितलं तर व्यवस्थित कळतं.

याच घराण्याचे वंशज शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह. राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती. थोडीफार जहागीर आणि नाव एवढंच उरलेलं. 1857 च्या उठावात इंग्रजांविरुद्ध कट केल्याचा आरोप ठेवून 18 सप्टेंबर 1857 ला जबलपुरात बापलेकांना तोफेच्या तोंडी दिलं. त्यांच्या नावाचं संग्रहालय आता शहरात झालं आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे.

टेकडीवरून उतरताना अजून एक गोष्ट दिसते, किंवा दिसत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत या उतारांवर दाट वस्ती होती. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून अतिक्रमणं हटवली गेली आणि बऱ्याच कुटुंबांना शहराबाहेर तिलहरीला हलवलं. टेकडी मोकळी झाली, झाडं लावली गेली, फिरायला येणाऱ्यांना छान वाटतं. ज्या बाई इथून पायी धुणंभांडी करायला जायच्या त्यांची कामं मात्र सुटली असणार. टेकडी वाचायला हवी होती असंच माझं मत आहे, पण ती कुणाच्या जिवावर वाचली हेही लक्षात ठेवलेलं बरं.

खाली आलो ते संग्रामसागरावर. संग्रामशाहने बांधलेलं हे तळं. टेकड्यांच्या कुशीत पाणी आणि त्यात एका बेटासारख्या जागी जुन्या इमारतीचे अवशेष. लोक त्याला आमखास म्हणतात. काठावर बाजनामठ, भैरवाचं देऊळ. देऊळ लहान, घुमटाचं, आत जेमतेम जागा. तंत्रसाधनेची जागा म्हणून याची ख्याती आहे, आणि शनिवारी इतकी गर्दी असते की दुसरं काही पाहता येत नाही. आम्ही मंगळवारी गेलो होतो.

देवळाची एक दंतकथा आहे. एक गोसावी भैरवाला राजाचाच बळी द्यायचा बेत करून आला. संग्रामशाहला सावध केलं गेलं. गोसाव्याने सांगितलं, देवाला नमस्कार कर. राजा म्हणाला, "कसा करायचा ते आधी तुम्ही दाखवा महाराज." गोसावी वाकला आणि राजाने त्याचंच डोकं उडवलं. या घराण्याच्या अशा कथा आणि वंशावळ कर्नल स्लीमनने गोळा केली आणि 1837 मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा स्लीमन, आमच्या जबलपूरला बरीच वर्षं अधिकारी होता. मला ही गोष्ट आवडते कारण यात राजा शौर्याने कमी आणि हुशारीने जास्त वाचतो.

आत्याला मात्र भैरवापेक्षा तळ्यात रस. ती बांधावर जाऊन उभी राहिली, पाणी कुठून येतं, जास्तीचं कुठून जात असेल, सगळं बघत. मग म्हणाली, "हा तर आमचा मामा तलावच आहे."

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांमध्ये हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले, राजाने त्यांना त्यासाठी जमिनी दिल्या. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते, मालगुजारी गेल्यावर सरकारी कागदावर 'माजी मालगुजारी तलाव' झाले आणि बोलताना 'मामा तलाव'. धानाची शेती आजही त्यावर चालते. आत्याच्या माहेरची, म्हणजे आमच्या आजोबांची शेती अशाच तलावाखाली होती. राज्य गढ्याचं असो, देवगडचं असो की चांद्याचं, तळी बांधण्याची ही सवय सगळीकडच्या गोंड राजांना होती.

जबलपूर जिल्ह्यातच कुंडम नावाचं डोंगराळ गाव आहे. नर्मदेला मिळणारी हिरण नदी तिथे उगम पावते. त्या बाजूला चार शेतकरी भावांची एक लोककथा सांगतात. कूडन, बुढान, सरमन आणि कौंराई. कूडनची मुलगी शेतावर जेवण घेऊन जाताना रस्त्यातल्या दगडाला ठेचकाळली. रागाने तिने दगडावर विळा मारला, तर विळा सोन्याचा झाला. परीस सापडला! भाऊ घाबरून तो राजाकडे घेऊन गेले. राजाने ना परीस घेतला ना सोनं. म्हणाला, जा, चांगली कामं करा, तळी बांधा. चौघांनी चार मोठे तलाव बांधले आणि आजही त्या गावांत ते दाखवतात. अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या 1993 च्या पुस्तकाची सुरुवात याच कथेपासून केली आहे. तळ्याकाठी बसून हे मी आत्याला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "त्या पोरीचा पाय बरा झाला का?" कथेत याचं उत्तर नाही.

जबलपूरला बावन्न तळ्यांचं शहर म्हणतात. आता ही तळी शोधायला निघालात तर बरीचशी पत्त्यांमध्ये सापडतात. रानीताल राणी दुर्गावतीने बांधलं, चेरीताल तिच्या दासीने, आधारताल तिच्या मंत्र्याने, आधार कायस्थाने, असं इथे परंपरेने सांगतात. राणी, दासी आणि मंत्री, तिघांच्या नावाची तळी एकाच शहरात. आज रानीताल म्हटलं की खेळाचं स्टेडियम आणि चौक आठवतो. चेरीताल ही दाट वस्ती आहे. भंवरतालची बाग झाली. फूटातालला पाणी कुठे होतं हे तिथल्या दुकानदारालाही सांगता येणार नाही. दमोह नाक्यापासून मदन महालापर्यंतचा नवा लांबलचक उड्डाणपूल रानीतालच्या भागावरून जातो आणि पुलाला नाव राणी दुर्गावतीचं. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "पूल बरा आहे गं. पण तिले पाणी आवडत होतं ना?"

हे सगळं कुणी एकाने केलं नाही. शहराला आधी खंदारीचं, मग परियटचं, मग नर्मदेचं पाणी नळाने मिळू लागलं. दारातल्या तळ्याची गरज संपली. मग काठावर कचरा, कचऱ्यावर मुरूम, मुरमावर टपरी, टपरीच्या जागी पक्कं घर. तळं एका दिवसात मरत नसल्यामुळे कुणाला त्याचं सुतकही लागत नाही. पाऊस जोरात झाला की त्याच वस्त्यांमध्ये गुडघाभर पाणी भरतं आणि आपण नगरपालिकेला शिव्या देतो. पाण्याला मात्र आपली जुनी जागा आठवते.

म्हणूनच मला गढ्याला जावंसं वाटतं. इथे अजून टेकडी आहे, उतार आहे, बांध आहे, पाणी आहे आणि काठावर नांदतं देऊळ आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी काय विचार केला असेल ते पुस्तक न उघडता दिसतं. संग्रामसागरातही गाळ आहे, जलपर्णी येते, निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या तरंगतात. काठाभोवती घरं वाढतच आहेत. पुढच्या पाहुण्यांना मी हेच तळं दाखवू शकेन का, याची मला खात्री वाटत नाही. मी कामासाठी 'जबलपूरची दहा प्रेक्षणीय स्थळं' छापाचे लेख डझनावारी वाचते. त्यात बहुधा भेडाघाट असतो, तोलशिळा असते, मॉल असतो. संग्रामसागर क्वचितच. लोक पाहायला येत नाहीत ती जागा बुजवणं सोपं जातं.

जायचं असेल तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. तळी भरलेली असतात आणि ऊन सोसवतं. सकाळी लवकर मदन महाल चढा, आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना खाली तोलशिळेपाशी बसवा, चढण त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. तिथून गाडीने सूपाताल, मग देवताल, मग मेडिकल कॉलेजजवळून बाजनामठ आणि संग्रामसागर. तीन-साडेतीन तास पुरतात. पाण्याची बाटली घ्या आणि रिकामी झाली की परत आणा. मुलांना बांधाच्या कडेला एकटं सोडू नका, दगडांवर शेवाळ असतं. शनिवार टाळा, भैरवाचं दर्शनच घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि याच दिवसांत रस्त्यावर टोपल्या घेऊन शिंगाडे विकणाऱ्या बाया बसतात, हिरवे कच्चे आणि काळे उकडलेले, दोन्ही. हे शिंगाडे तळ्यांतच पिकतात. आत्याने दोन किलो घेतले, भावावरून पाच मिनिटं वाद घातला, मग बाईला विचारलं की कुठल्या तळ्यातले. बाईने हाताने दिशा दाखवली. आत्या तेवढ्यावर थांबणारी नव्हती. तळ्याचं नाव विचारलं, लागवड कोण करतं विचारलं, पाणी कधी आटतं विचारलं. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला आणि त्या दोघी टोपलीपाशी बसून आपापल्या गावच्या तलावांबद्दल बोलत राहिल्या, एक हिंदीत, एक झाडीबोलीत.